चार कुत्री, एक विमान आणि सोळा सेंटिमीटर

गुरुत्वमध्याचा धडा संपला, की वर्गातून दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "सर, पट्टीवर नाणी ठेवून समतोल साधायचा, हे परीक्षेपुरते ठीक आहे. पण पुढे आयुष्यात याचा उपयोग काय?" या प्रश्नाला मी पूर्वी क्रेन, तराजू, सी-सॉ अशी ठरावीक उत्तरे देत असे. अलीकडे मात्र मी एक वेगळेच उदाहरण देतो. ते ऐकताना मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करतात. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

उदाहरण अमेरिकेतले आहे. एका लहान विमानतळावर सकाळच्या वेळी चार आसनांचे एक विमान उभे आहे. त्याची वैमानिक एक स्त्री आहे. हा तिचा पेशा नव्हे. एरवी ती दुसरीच काही नोकरी करते आणि विमान हौसेने चालवते. विमानाजवळ चार कुत्री दोऱ्यांना बांधून उभी आहेत. त्यांना कोणी वाली नाही. येथून काहीशे किलोमीटरवर त्यांना घर मिळणार आहे. वैमानिक बाई त्यांना प्रेमाने थोपटते. पण लगेच विमानात चढवीत नाही. आधी ती प्रत्येक कुत्र्याचे वजन विचारते आणि कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडू लागते.

हा हिशेब कशासाठी, हे समजण्यापूर्वी ही कुत्री विमानात कशी आली ते पाहू.

कोंडवाड्यातून घराकडे

रस्त्यावर मोकळी फिरणारी कुत्री आपल्याला नवी नाहीत. अमेरिकेत मात्र मालक नसलेला कुत्रा सापडला, की त्याला निवारागृहात नेऊन ठेवतात. आपल्याकडच्या गुरांच्या कोंडवाड्यासारखीच ही सोय म्हणा ना. तेथे जागा मर्यादित असते. ठरावीक दिवसांत कोणी दत्तक घेतले नाही आणि जागा भरत आली, की अनेक ठिकाणी प्राण्याला इंजेक्शन देऊन मारण्यात येते. तेथील 'एएसपीसीए' या जुन्या प्राणिरक्षक संस्थेच्या अंदाजानुसार २०११ मध्ये असे सुमारे २६ लाख प्राणी मारले गेले. २०१९ च्या सुमारास हा आकडा ९ लाख २० हजारांपर्यंत उतरला होता. त्यांतील ३ लाख ९० हजार कुत्री होती.

यात एक विचित्र गोष्ट आहे. दक्षिणेकडील राज्यांत निवारागृहे भरून वाहतात, तर उत्तरेकडील अनेक शहरांत कुत्रा पाळू इच्छिणाऱ्यांना तो मिळत नाही. उत्तरेत निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया फार पूर्वीपासून रूढ झाली. दक्षिणेत ती तितकी रुजली नाही. म्हणजे एका टोकाला प्राणी जास्त आणि दुसऱ्या टोकाला घरे जास्त. प्रश्न उरतो तो मधल्या अंतराचा.

जॉर्जिया राज्यातील अटलांटा ते न्यूयॉर्क हे अंतर हवाई मार्गाने सुमारे १,२०० किलोमीटर आहे. मोटारीने ते १,४०० किलोमीटर भरते आणि सलग गाडी हाकली तरी तेरा-चौदा तास लागतात. घाबरलेल्या, आजारातून उठलेल्या कुत्र्याला हा प्रवास जड जातो. ताशी २२० किलोमीटर वेगाने जाणारे लहान विमान हे अंतर साडेपाच तासांच्या उड्डाणात कापते.

२००८ मध्ये दक्षिण कॅरोलिना राज्यातील डेबी बॉइस यांना फ्लोरिडातील एक डॉबरमन कुत्रा घरी आणायचा होता. जॉन वेरेनबर्ग या वैमानिकाने तो आपल्या विमानातून आणून देण्याची तयारी दाखवली. असे आणखी किती वैमानिक तयार होतील, असा विचार त्यातून निघाला आणि 'पायलट्स एन पॉज' ही संस्था उभी राहिली. 'पॉज' म्हणजे प्राण्यांचे पंजे. ही संस्था स्वतः विमाने बाळगत नाही. निवारागृहे आणि वैमानिक यांची गाठ घालून देते. लांबचा पल्ला असेल तर रिले शर्यतीतल्या काठीसारखा कुत्रा एका वैमानिकाकडून दुसऱ्याकडे जातो.

या कामाला पैसे मिळत नाहीत. मिळूही शकत नाहीत. कारण अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे खाजगी परवाना असलेल्या वैमानिकाला भाडे घेऊन वाहतूक करता येत नाही. पेट्रोल स्वतःचे, विमान स्वतःचे किंवा स्वतः भाड्याने घेतलेले, आणि सुट्टीचा दिवसही स्वतःचाच.

विमानाला फक्त किलोग्रॅम कळतात

हे काम करणाऱ्यांत स्त्रियाही आहेत. त्यांची संख्या आधीच थोडी, कारण विद्यार्थी वैमानिक वगळले तर अमेरिकेतील दर शंभर वैमानिकांत दहासुद्धा स्त्रिया नाहीत. पण त्यांची परंपरा जुनी आहे. २ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या कर्टिस फील्ड विमानतळावर २६ वैमानिक स्त्रिया जमल्या. त्या काळी अमेरिकेत परवाना असलेल्या स्त्रिया होत्या ११७. त्यांपैकी ९९ जणी सभासद झाल्या, म्हणून संघटनेचे नावच पडले 'नाइन्टी-नाइन्स', म्हणजे 'नव्याण्णव'! पुढे १९३१ मध्ये अमेलिया एअरहार्ट तिची पहिली अध्यक्ष झाली.

दुसऱ्या महायुद्धात 'वास्प' या दलातील स्त्रियांनी कारखान्यातून बाहेर पडलेली नवी लढाऊ विमाने लष्कराच्या तळांवर पोचवली. १,०७४ जणी प्रशिक्षण पुरे करून या कामात उतरल्या. ३८ जणींना प्राण गमवावे लागले. इतके करूनही सैनिकाचा दर्जा त्यांना मिळाला तो १९७७ मध्ये, युद्ध संपून तीन दशके उलटल्यावर! आपले नव्हे असे काहीतरी जपून उचलायचे, दूरवर न्यायचे आणि ज्याचे त्याला सुपूर्द करून परतायचे, हे काम वैमानिक स्त्रियांनी पूर्वीही केले आहे.

'बाईमाणूस विमान कसे चालवणार?' हा प्रश्न त्या काळी सर्रास विचारला जाई. पण मित्रांनो, विमानाला स्त्री आणि पुरुष असा भेद कळत नाही. त्याला कळतात ते फक्त किलोग्रॅम. ८५ किलोग्रॅमच्या वैमानिकाच्या जागी ५५ किलोग्रॅमची वैमानिक बसली, तर ३० किलोग्रॅम भार मोकळा होतो. ३० किलोग्रॅम म्हणजे एक चांगला दांडगा कुत्रा. आता हिशेबाचा तो कागद आपण उघडू.

हिशेबाचा कागद

'सेसना १७२' हे जगातले फार लोकप्रिय असे चार आसनी विमान आहे. त्याच्या एका नव्या प्रकाराचे कमाल वजन उड्डाणाच्या वेळी १,१५७ किलोग्रॅम असू शकते. रिकामे विमान सुमारे ७६५ किलोग्रॅमचे धरू. उरले ३९२. त्यातच वैमानिक, इंधन, कुत्री आणि सामान बसवायचे.

पण एकूण वजन मर्यादेत असले म्हणजे झाले, असे मात्र नाही. ते वजन *कोठे* ठेवले आहे, हेही पाहावे लागते. इंजिनामागे एक पोलादी पडदा असतो. तेथून अंतरे मोजण्याची पद्धत आहे. पुढची आसने त्या पडद्यापासून ९४ सेंटिमीटरवर, इंधनाच्या टाक्या १२२ वर, मागचे आसन १८५ वर आणि सामानाचा कप्पा २४१ सेंटिमीटरवर येतो. रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य १०१ सेंटिमीटरवर आहे असे समजा. वजनाला अंतराने गुणले, की येते ते परिबल.

आपल्या चार कुत्र्यांची वजने ३०, २८, २४ आणि १८ किलोग्रॅम, म्हणजे एकूण १०० किलोग्रॅम आहेत. १०० लिटर इंधन घेतले. या इंधनाची घनता लिटरला ०.७२ किलोग्रॅम असल्याने त्याचे वजन ७२ किलोग्रॅम. आता मांडणी पाहा :

रिकामे विमान : ७६५ × १०१ = ७७,२६५
वैमानिक : ६० × ९४ = ५,६४०
इंधन : ७२ × १२२ = ८,७८४
कुत्री (मागच्या आसनावर) : १०० × १८५ = १८,५००
सामान : ५० × २४१ = १२,०५०

एकूण वजन १,०४७ किलोग्रॅम, एकूण परिबल १,२२,२३९. भागाकार केला तर गुरुत्वमध्य येतो पडद्यापासून सुमारे ११६.८ सेंटिमीटरवर.

हे चांगले की वाईट? विमान बनवणाऱ्यांनी मर्यादा आखून दिल्या आहेत. कमाल वजन असताना गुरुत्वमध्य १०४ आणि १२० सेंटिमीटर यांच्या दरम्यान हवा. म्हणजे सव्वाआठ मीटर लांबीच्या विमानात मोकळीक अवघी १६ सेंटिमीटरांची! तुमच्या कंपासपेटीतील पट्टीएवढीच म्हणा. वजन कमी असेल तर पुढची मर्यादा थोडी सैल होते. मागची १२० ची मर्यादा मात्र हलत नाही. आपला आकडा ११६.८ आहे. ठीक आहे, पण काठावर आहे.

गुरुत्वमध्य फार मागे गेला तर काय होते? विमानाचे नाक वर उचलले जाऊ लागते. शेपटीवरच्या आडव्या पृष्ठभागाने ते खाली आणावे लागते. पण मागे भार वाढला, की शेपटीचा हा तरफेसारखा उपयोग तोकडा पडतो. नाक फार वर गेले, की पंखांवरून वाहणारा हवेचा प्रवाह तुटतो आणि पंख भार पेलेनासे होतात. त्यातून विमान सावरणे, गुरुत्वमध्य मागे असताना, अतिशय कठीण असते.

आता समजा, कुत्र्यांना बांधलेच नाही. विमान उठले, आवाजाने बिचकून तीन मोठी कुत्री आसनावरून उडी मारून मागे सामानाच्या कप्प्यात गेली. ८२ किलोग्रॅम भार ५६ सेंटिमीटर मागे सरकला. गुरुत्वमध्य किती सरकेल? ८२ × ५६ ÷ १,०४७ = सुमारे ४.४ सेंटिमीटर. म्हणजे तो पोचला १२१.२ वर, मर्यादेच्या बाहेर! जमिनीवर बरोबर असलेला हिशेब आकाशात चुकला. आणि एकूण वजन तर मर्यादेच्या ११० किलोग्रॅम आत होते. म्हणूनच ही कुत्री पट्ट्यांनी बांधतात किंवा पिंजऱ्यात बसवतात. त्यांना होणारी अडचण ही त्यांच्याच जिवाची काळजी आहे.

कोणाला खाली उतरवायचे?

हिशेबाची खरी परीक्षा पुढे आहे. वाटेत कुत्र्यांकडे पाहायला ६५ किलोग्रॅम वजनाची एक मैत्रीण सोबत घ्यावी, असे वैमानिक बाईच्या मनात आले. शिवाय मध्ये कोठे उतरायला नको म्हणून टाक्या पूर्ण भराव्यात, म्हणजे इंधन २०० लिटर, १४४ किलोग्रॅम. आता बेरीज करा : ७६५ + ६० + ६५ + १४४ + १०० + ५० = १,१८४. मर्यादा १,१५७. गुरुत्वमध्य याही वेळी मर्यादेत येतो. पण वजन २७ किलोग्रॅमने जास्त होते.

२७ किलोग्रॅम म्हणजे जवळपास तो २८ किलोग्रॅमचा दुसरा कुत्रा. तो बाहेर शेपूट हलवीत उभा आहे. त्याला येथेच ठेवले तर पुन्हा निवारागृह, आणि तेथे त्याचे किती दिवस उरले आहेत हे कोणास ठाऊक! अशा वेळी मन म्हणते, 'सत्तावीस किलो ते काय? जाईल विमान.' येथेच चांगला वैमानिक ओळखावा. मर्यादेबाहेरच्या विमानात एका कुत्र्याला चढवणे ही त्याच्यावर दया नव्हे. उरलेल्या तिघांचा, मैत्रिणीचा आणि स्वतःचा जीव धोक्यात घालणे आहे.

मग वाट कोणती? २७ ला ०.७२ ने भागा. उत्तर ३७.५ लिटर. ३८ लिटर इंधन कमी भरले, की चारही कुत्री नियमात बसतात. हे विमान तासाला सुमारे ३३ लिटर इंधन पिते. म्हणजे एक तासाहून थोड्या अधिक प्रवासाचे इंधन कमी झाले. वाटेत एकदा उतरून ते भरावे लागेल. वेळ जाईल, खर्च वाढेल, पण कोणीही मागे राहणार नाही. ज्याने हिशेब केलाच नाही, त्याला ही वाट दिसलीच नसती.

उकाडा, उंची आणि आवाज

दुपार झाली, की हिशेब पुन्हा बदलतो. हवा तापते आणि विरळ होते. दाब तोच राहिला तर घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. १५ अंश सेल्सिअस म्हणजे २८८ केल्विन आणि ४० अंश म्हणजे ३१३. २८८ भागिले ३१३ हे ०.९२, म्हणजे हवेची घनता ८ टक्क्यांनी घटली. पंखांना मिळणारे उत्थापक बल घनतेवर अवलंबून असते, आणि इंजिनाची ताकदही. त्यामुळे शून्य अंशाच्या सकाळी लागणाऱ्या धावपट्टीपेक्षा ४० अंशांच्या दुपारी सुमारे एक तृतीयांश अधिक धावपट्टी लागते. उन्हाळ्यात अशी उड्डाणे सकाळी लवकर करण्याचे हे एक कारण. दुसरे कारण कुत्र्यांचे. त्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ती अंग थंड करतात.

वर गेल्यावर हवा थंड होते, दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंशांनी. पण ती विरळही होते. २,४०० मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशच उरतो. मोठ्या प्रवासी विमानात दाब कृत्रिमरीत्या राखलेला असतो. या लहान विमानात तशी सोय नाही. वैमानिक प्राणवायूचा मुखवटा लावू शकेल, कुत्र्याला तो कोण लावणार? म्हणून फार उंच जायचे नाही. बुलडॉग किंवा पग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. त्यांच्याबाबत अधिक जपावे लागते. उतरतानाही मिनिटाला दीडशे मीटर इतक्याच बेताने उतरतात. त्यामुळे कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला वेळ मिळतो. घाटात गाडी वेगाने उतरली, की तुमचे कान दडपतात ना, तसलाच हा प्रकार.

आणि आवाज? लहान विमानात तो ९० डेसिबलच्या आसपास असतो. माणसाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचे. म्हणून काही वैमानिक कुत्र्यांच्या कानांवरही मऊ आवरणे बसवतात. गंमत अशी, की एकदा विमान वर जाऊन एका सुरात गुणगुणू लागले, की बहुतेक कुत्री मुकाट्याने झोपी जातात. हा अनुभव अनेक वैमानिकांनी सांगितला आहे.

हिशेबापलीकडचे

इतके करूनही आकाशात जोखीम उरतेच. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी तीन कुत्री घेऊन न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीकडे निघालेले एक लहान विमान कॅट्सकिल डोंगरांत कोसळले. वैमानिक आणि एक कुत्रा मरण पावले; दोन कुत्री वाचली. हे पुरुष वैमानिक अशाच निःस्वार्थ कामात गुंतलेले होते. दुसऱ्याच्या जिवासाठी आपला जीव उचलून आकाशात नेणे ही सोपी गोष्ट नाही, हे आपण विसरता कामा नये. हिशेब चोख ठेवला म्हणजे सगळी जोखीम टळते असे नाही; पण जी टाळता येण्यासारखी आहे, ती न टाळण्याला मात्र क्षमा नाही.

विज्ञान कोरडे आणि माया ओली, असे आपण उगाच समजतो. त्या वैमानिक बाईच्या हातातला कागद पाहा. त्यावर किलोग्रॅम आणि सेंटिमीटर यांच्याखेरीज काही नाही. तरीही चार प्राण्यांवरची तिची सगळी माया त्या बेरजेतच आहे.

करून पाहा

दोन सारख्या जाडीच्या पेन्सिली टेबलावर दोन सेंटिमीटर अंतर ठेवून समांतर मांडा. त्यांवर ३० सेंटिमीटरची पट्टी अशी ठेवा, की १५ चा आकडा दोन्ही पेन्सिलींच्या बरोबर मध्ये येईल. हे तुमचे विमान. मध्यावर एक नाणे ठेवा, हा कुत्रा. आता ते नाणे एका टोकाकडे अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरने सरकवत न्या. पट्टी कलंडली, की तो आकडा लिहून ठेवा. एकाऐवजी दोन, मग तीन नाणी एकावर एक ठेवून पुन्हा करा. कलंडण्याची जागा मध्याच्या जवळ येत जाईल. ती का, हे परिबलाच्या साहाय्याने सांगता येते का पाहा.

आणि एक गणित तुमच्यासाठी. वर मांडलेल्या पहिल्या हिशेबात, म्हणजे वैमानिक एकटीच असताना, ३० किलोग्रॅमचा कुत्रा मागच्या आसनाऐवजी वैमानिकाशेजारच्या पुढच्या आसनावर नीट बांधून बसवला, तर गुरुत्वमध्य किती सेंटिमीटर पुढे येईल? उत्तर काढा, आणि मग ठरवा, त्या कुत्र्याला तुम्ही कोठे बसवाल.